पाचारण एकाचें कीं घराचें?

देव एखाद्या मनुष्यास आपल्या सेवेस बोलावितो, तेव्हां त्याच्या पत्नीस व लेकरांसहि तें बोलावणें आपोआप आलें असें समजावें काय? हा प्रश्न मंडळ्यांच्या सभांत फारसा निघत नाहीं. निघालाच, तर कोणी वडील गृहस्थ लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांतील नांगराची आठवण देतात, सर्व जण माना हालवितात, आणि चर्चा संपते. परंतु सभेंतली चर्चा संपली म्हणून घरांतला प्रश्न संपत नाहीं. तो चुलीपाशीं बसून राहतो.

पालघर, बोईसर व तारापूर ह्या पट्ट्यांतील आमच्या वाचकांस हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीं. रेल्वेच्या पश्चिमेस समुद्र, मच्छीमारांचीं गांवें, १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें अणुवीज केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत. पूर्वेस मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा असे चढत गेलेले डोंगर व त्यांतील वारली, कोकणा, कातकरी बांधवांचे पाडे. उपदेशकाची नेमणूक बोईसरहून मोखाड्याकडे झाली, तर नकाशावर बोट दोन-चार अंगुळेंच सरकतें. घरांत मात्र पत्नीची कारखान्यांतील नोकरी जाते, मुलीची शाळा सुटते, म्हाताऱ्या आईचें औषधपाणी मागें राहतें. अशाच एका उपदेशकाच्या पत्नीनें आम्हांस म्हटलें, "बोलावणं यांना आलं. मला कोणी विचारलं?" हें तिचें बोलणें कित्येकांस अविश्वासाचें वाटेल. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. आणि कां वाटत नाहीं, हें सांगण्याकरितां आम्ही वाचकांस थोडें दूर, दक्षिण आफ्रिकेकडे, नेऊं इच्छितों. तेथें गेलेल्या मिशनरी कुटुंबांचीं पत्रें व रोजनिश्या शिल्लक असल्यामुळें त्यांच्या घरांतील गोष्ट आपणांस कळते. आपल्याकडील उपदेशकांच्या घरांतील गोष्टी कोणीं लिहून ठेविल्या नाहींत.

आणि तो देश आपणांस अगदींच परका नाहीं. ज्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ सालीं मुंबईस पोंचले व ज्यापासून मराठी मिशनाचा आरंभ झाला, त्याच बोर्डानें पुढें सहा जोडपीं दक्षिण आफ्रिकेस पाठविलीं. तीं १८३५ सालीं केप टाऊन बंदरीं उतरलीं. तिघांनीं नाताळचा रस्ता धरिला. लिंडली, विल्सन व व्हेनेबल हे तिघे बायकांसह बैलगाड्यांनीं महिनेच्या महिने चालून आंत मोसेगा येथें, म्झिलिकाझी राजाच्या मुलुखांत, गेले. तेथें घाईघाईनें घर उभारिलें. मातीची जमीन पुरती वाळली नव्हती, तरी राहावयास गेले; गाड्यांत राहून सर्वच कंटाळले होते. मग एकामागून एक सर्व तापानें पडले. ओल्या जमिनीमुळेंच हें झालें असें त्यांस वाटलें. सप्टेंबर १८३६ मध्यें डॉ. विल्सन यांची पत्नी वारली. नाताळकडे निघालेल्यांपैकीं ग्राऊट यांची पत्नी त्याच वर्षाच्या आरंभीं क्षयानें वाटेंतच गेली होती. १८३७ च्या जानेवारींत मोसेगावर बोअर लोकांची स्वारी झाली आणि तें ठाणेंच मोडलें. सहा घरांपैकीं दोन घरें दोन वर्षांच्या आंत आईवांचून राहिलीं. बोर्डाच्या दप्तरीं अशा स्त्रियांची नोंद सहायक म्हणून होत असे. मरणांत मात्र त्या कोणाच्या सहायक नव्हत्या.

ज्यांनीं सारवलेल्या घरांत पावसाळे काढिले आहेत त्यांस ओल्या जमिनीची गोष्ट अधिक सांगावयास नको.

आतां दुसरें घर पाहूं. रॉबर्ट मॉफट हे १८१७ सालीं केप येथें आले. त्यांची वाग्दत्त वधू मेरी स्मिथ हिचे आईबाप प्रथम तिला जाऊं देईनात; अखेर त्यांनीं संमति दिली, व १८१९ च्या डिसेंबरांत केप टाऊन येथें विवाह झाला. पुढें कुरुमान येथें या उभयतांनीं जो संसार मांडिला तो १८७० पर्यंत टिकला. दहा लेकरें झालीं. त्यांतलीं कांहीं लहानपणींच गेलीं. पहिले बाप्तिस्मे व्हावयास १८२९ साल उजाडलें. त्स्वाना भाषेंत सबंध पवित्र शास्त्र १८५७ सालीं तयार झालें. हें सर्व काम मॉफट यांच्या नांवावर आहे, आणि तें योग्यच आहे. पण ज्या घरांत तें झालें तें घर मेरीनें चालविलें. ती आपल्या पायांनीं, आपल्या मनानें आली होती, हें येथें ध्यानांत धरण्यासारखें आहे.

कुरुमानच्या आरंभीच्या दिवसांतील एक लहानशी हकीकत मॉफट यांनीं स्वतः लिहिली आहे. मिशनऱ्यांनीं नदीचें पाणी पाट काढून आपल्या बागेंत आणिलें. तेथील स्त्रियांनीं पाहिलें कीं, या पाण्यानें परक्यांची भाजी हिरवी होते आणि आपलीं शेतें वाळतात. म्हणून त्यांनीं पाट फोडून पाणी आपल्याकडे वळविलें. मिशनरी कुटुंबास कित्येक दिवस हाल काढावे लागले. मॉफट यांच्या लिहिण्यांत त्रासाचा सूर आहे. आम्हांस मात्र वाचतांना वाटलें कीं, नदी कोणाची होती, हाहि प्रश्न त्या स्त्रियांनीं फावड्यानें विचारिला. सूर्या नदीच्या धरणाचें पाणी शहरांकडे जातांना ज्यांनीं आपल्या शेताच्या बांधावरून पाहिलें आहे, त्या आमच्या वाचकांस त्या बायकांचा राग परका वाटणार नाहीं. सेवेस जाणाऱ्यानें जसें आपल्या घरास विचारावें, तसें ज्यांच्यांत जावयाचें त्यांसहि विचारावें. पण हा विषय मोठा आहे, आणि आज आमचें बोलणें घराविषयीं आहे.

मॉफट यांची वडील कन्या, तीहि मेरीच, १८२१ सालीं आफ्रिकेंतच जन्मली. ती त्स्वाना भाषा मातृभाषेसारखी बोले. १८४५ सालीं तिचा विवाह डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांजशीं झाला. थोड्याच वर्षांत त्या जोडप्यानें माबोत्सा, चोनुआने व कोलोबेंग अशीं तीन घरें बांधिलीं. १८५० सालीं ते पत्नीस व लेकरांस घेऊन वाळवंटापलीकडील सरोवराकडे गेले. ती त्या वेळीं गरोदर होती. परत आल्यावर जन्मलेली मुलगी थोड्याच आठवड्यांत गेली. पुढल्या वर्षीं ते पुन्हां निघाले, व मेरी पुन्हां गरोदर होती. तेव्हां तिच्या आईनें जांवयास पत्र धाडिलें. आधींचें लेंकरूं गेलें, बाकीचीं कशींबशीं वांचलीं, आणि आतां पुन्हां गरोदर बायकोस व चिमण्या मुलांस रानावनांतून ओढून नेणार काय, असा त्या पत्राचा आशय होता. लिव्हिंग्स्टन यांनीं तें पत्र आपल्या रोजनिशींत उतरून घेतलें, आणि गाड्या जुंपल्या. वाटेंत पाणी संपलें. मुलें तहानेनें रडूं लागलीं. आईनें दोषाचा एक शब्दहि काढिला नाहीं, तिच्या डोळ्यांत आंसवें मात्र होतीं, असें त्यांनींच पुढें लिहिलें. त्या प्रवासांत तिनें वाटेवरच एका मुलास जन्म दिला.

येथें आम्हांस निर्गमाच्या अठराव्या अध्यायाची आठवण होते. मोशेनें आपली पत्नी सिप्पोरा हिला माहेरीं पाठविलें होतें. एवढें मोठें काम अंगावर असतां त्याला घर जड झालें असावें. मग सासरा इथ्रो तिला व दोघां मुलांस घेऊन रानांत त्याच्याकडे आला. दुसऱ्या दिवशीं जांवई सकाळपासून सांजेपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसला आहे हें पाहून, तुझें हें करणें बरें नाहीं असें त्यानें त्याला स्पष्ट सांगितलें. हा उपदेश देवाच्या पर्वतापाशीं झाला, पण तो सासऱ्याच्या मुखांतून आला; आणि मोशेनें तो ऐकला. लिव्हिंग्स्टन यांजकडे सासूचें पत्र आलें होतें.

१८५२ च्या एप्रिलांत त्यांनीं केप टाऊनहून मेरीस व चौघां मुलांस विलायतेस धाडिलें. तो देश तिनें पूर्वीं पाहिला होता. पण तिचें घर तेथें नव्हतें. त्यांनीं स्वतः आफ्रिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडला, व १८५६ च्या अखेरीस परतले तेव्हां सर्व देश त्यांचा जयजयकार करीत होता. मधल्या साडेचार वर्षांत मेरी मुलांस घेऊन एका बिऱ्हाडांतून दुसऱ्या बिऱ्हाडांत फिरली. पैशाची ओढ, एकटेपणा आणि मनाची खचलेली अवस्था. १८६२ सालीं ती पतीजवळ झांबेझी नदीवर गेली, आणि थोड्याच महिन्यांत, २७ एप्रिल रोजीं, शुपांगा येथें तापानें वारली. वडील मुलगा रॉबर्ट नांव बदलून अमेरिकेच्या यादवी युद्धांत शिरला व १८६४ सालीं कैदेंत मरण पावला. तो अवघा अठरा वर्षांचा होता. कोलोबेंग येथें असतांना आपण मुलांशीं खेळावयास वेळ दिला नाहीं, ही एक हळहळ आपणांस राहिली असें लिव्हिंग्स्टन यांनीं उतारवयांत लिहिलें आहे.

दुसरी बाजू आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. लिव्हिंग्स्टन यांच्या लिहिण्यामुळें गुलामांच्या व्यापाराचें भयंकर रूप जगापुढें आलें, आणि १८७३ सालीं, ज्या वर्षीं ते वारले त्याच वर्षीं, झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. किती आयांचीं लेकरें त्यामुळें वांचलीं असतील! मेरीच्या चार लेकरांचें दुःख एका पारड्यांत व तीं लेकरें दुसऱ्या पारड्यांत घातलीं, तर कोणतें जड? ज्यांस तराजू हातीं धरावयाचा आहे त्यांनीं धरावा. आम्हांस वाटतें, तराजूच चुकीचा आहे. प्रश्न किती दिलें हा नाहीं. कोणाचें दिलें हा आहे. मनुष्यानें आपलें सर्वस्व देवास द्यावें. दुसऱ्याचें सर्वस्व आपल्या हातानें देऊन आपण दाते म्हणविणें, ही गोष्ट निराळी.

ह्याविषयीं प्रभूनें एके ठिकाणीं फार कडक भाषण केलें आहे. मार्काच्या सातव्या अध्यायांत कुर्बानाचा प्रसंग आहे. आईबापांच्या पोषणास लागणारें द्रव्य 'देवास अर्पण' असें म्हटलें म्हणजे मुलगा मोकळा, असा परूशांचा संप्रदाय होता. प्रभूनें तो धिक्कारिला. अर्पण खोटें होतें म्हणून नव्हे; द्रव्य खरोखर मंदिरांत जात असेल; पण ज्यांचा त्यावर हक्क होता त्यांस विचारिलें नव्हतें. मत्तयाच्या दहाव्या अध्यायांतील वचन, कीं प्रभूपेक्षां लेकरांवर अधिक प्रीति करणारा त्यास योग्य नाहीं, हें ज्यानें ऐकावें त्यासाठीं आहे. तें पत्नीच्या डोक्यावर ठेवण्याचें ओझें नाहीं. कुर्बानाचा अध्याय आणि हा अध्याय एकाच मुखांतून निघाले. दोन्ही बरोबर धरिल्यावांचून कोणताहि एक नीट कळावयाचा नाहीं.

मिशनांनीं ज्यांस बाप्तिस्मा दिला त्यांच्या घरांसहि हीच गोष्ट लागू होती. कोलोबेंगचा राजा सेचेले यास पांच बायका होत्या. १८४८ सालीं त्यानें चौघींस माहेरीं पाठवून बाप्तिस्मा घेतला. त्या चौघींचें काय चुकलें होतें? त्यांच्या आप्तांचा रोष झाला, आणि पुढल्याच वर्षीं त्यांपैकीं एक गरोदर असल्याचें उघड होतांच लिव्हिंग्स्टन यांनीं सेचेलेस प्रभुभोजनापासून दूर केलें. बाप्तिस्मा एकाचा झाला. घर चौघींचें मोडलें. तरी मिशनरी निघून गेल्यावर सेचेले स्वतः आपल्या लोकांस शास्त्र वाचून दाखवीत व उपासना चालवीत राहिला. ज्याला मंडळीनें बाहेर ठेविलें त्यानें मंडळी टिकविली.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे येऊं. कारण येथूनहि कुटुंबें आफ्रिकेस गेलीं आहेत. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलें नाशिकजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतींत वाढत. तेथें सुतारकाम, लोहारकाम व शास्त्र शिकवीत. लिव्हिंग्स्टन यांनीं १८६६ च्या सफरीस येथील नऊ तरुण घेतले. मागाहून गेलेला जेकब वेनराइट हाहि शरणपूरचाच. लिव्हिंग्स्टन यांचें हृदय आफ्रिकेच्या भूमींत पुरलें तेव्हां प्रार्थना त्यानें वाचली. परंतु आमच्या प्रश्नास अधिक जवळचीं तीं कुटुंबें, जीं १८६४ सालीं पूर्व आफ्रिकेंत मोंबासाजवळच्या राबाई येथें गेलीं : विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड व त्यांच्या बायका. लोकांनीं म्हणावें, हीं तर आपल्या मायदेशीं गेलीं! पण राबाईचे लोक त्यांस ओळखीत नव्हते, तेथील बोली त्यांची नव्हती, पोशाख निराळा होता. गोदावरीकांठीं वाढलेलीं तीं माणसें आफ्रिकेंत परकीं ठरलीं. तरी तीं राहिलीं, आणि १८८५ सालीं जोन्स व सेमलर यांस दीक्षा मिळाली. त्याच वर्षीं बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हां उरलेल्या लोकांस परत सांभाळून आणणारा विल्यम जोन्स होता. ज्यांस लहानपणीं गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं न विचारतां नेलें, त्यांस मिशननें नेतांना विचारावें हें अधिकच अगत्याचें होतें.

आपल्याच जिल्ह्यांत डहाणू, पालघर व वाडा येथें चर्च ऑफ द ब्रदरनच्या अमेरिकन कुटुंबांनीं ठाणीं केलीं. पहिले स्टोव्हर कुटुंब १८९४ सालीं येऊन वलसाडास राहिलें. १९७० सालीं ती मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत सामील झाली. त्यांची मुलें शिक्षणासाठीं मसुरीजवळच्या वुडस्टॉक शाळेंत जात व आईबापांस महिनेच्या महिने दिसत नसत. साहेबलोकांस काय कमी, असें आपण म्हणत आलों. बंगल्यांतील रिकामी खाट आपण पाहिली नाहीं.

घरास वेळ देणें म्हणजे काय, ह्याचें उदाहरण मराठी ख्रिस्ती लोकांस ठाऊक आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. लक्ष्मीबाईंस त्याची कल्पना नव्हती. त्यांचें घर एका दिवसांत फाटलें. त्या दुःखाचें वर्णन त्यांनीं 'स्मृतिचित्रें' मध्यें केलें आहे, तें आम्ही येथें सांगत नाहीं. वाचकांनीं मूळच वाचावें. पण १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाच्या वाटेनें चालत येऊन. मधलीं पांच वर्षें वायां गेलीं असें कोणी म्हणूं नये. त्या पांच वर्षांनीं टिळकांस जी सहकारी मिळाली, ती पहिल्याच दिवशीं हात धरून ओढली असती तर मिळाली नसती.

कोणी म्हणतील, पाळकसाहेब, अशा विचारानें मोखाड्यास कोणीच जाणार नाहीं. आणि मोखाड्याच्या पाड्यांवरहि लेकरेंच आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही त्यापुढें क्षणभर गप्प होतों. दिवाळी झाली कीं जव्हार-मोखाड्याचीं कुटुंबें मुलांसह वीटभट्ट्यांवर निघतात. शाळेची पाटी पाड्यावर राहते. त्यांस कोणाचें पाचारण येत नाहीं, उचल घेतलेली असते. त्या आयांस कोणीं विचारिलें? त्यांच्यापुढें उपदेशकाच्या मुलीची सुटलेली इंग्रजी शाळा फार मोठी गोष्ट आहे असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

परंतु विचारणें म्हणजे नकाराची वाट उघडणें, हीच समजूत आम्हांस चुकीची वाटते. प्रेषितांच्या अठराव्या अध्यायांत अक्विला व प्रिस्किल्ला दोघे मिळून तंबू शिवतात, दोघे मिळून पौलाबरोबर गलबतावर चढतात, दोघे मिळून अपुल्लोसास शिकवितात. तिचें नांव शास्त्रांत कित्येकदां पतीच्या आधीं येतें. जिला विचारिलें जातें ती पुष्कळदां पतीहून चार पावलें पुढें जाते. जिला नेलें जातें ती फक्त पोंचते. ज्या भगिनीचें बोलणें वर दिलें आहे, ती शेवटीं गेली. तिनें तीन अटी घातल्या : मुलीची दहावी होईपर्यंत ती मावशीकडे पालघरास राहील, पाड्यावरील बायकांची सभा आपण चालवूं, आणि सासूबाईंस दर महिन्यास दवाखान्यांत आणावयाची व्यवस्था मंडळी करील. पहिल्या दोन अटी तिच्या घरानें पाळल्या. तिसरीसाठीं तिला दोनदां पत्र लिहावें लागलें.

लेकरांस मात्र विचारतां येत नाहीं, हें खरें. त्यांच्या वतीनें कोणी तरी बोललें पाहिजे, आणि तें काम आईबापांपेक्षां मंडळीचें अधिक आहे; कारण सेवेचें फळ मंडळी खाते. १८५२ ते १८५६ या काळांत लिव्हिंग्स्टन यांच्या शोधांच्या बातम्या वाचून ज्यांनीं आनंद केला, त्यांतील किती जणांनीं मेरीच्या बिऱ्हाडाचें भाडें विचारिलें?

नेमणुकांच्या याद्या उन्हाळ्यांत होतात. त्या होण्यापूर्वीं पास्टरेट कमिटीनें उपदेशकास एकट्यास न बोलावतां पत्नीसह बोलवावें, व तिचें म्हणणें कार्यवृत्तांत तिच्याच शब्दांनीं उतरून घ्यावें. मुलांच्या शाळेची फी व म्हाताऱ्यांचें औषध या दोन बाबी वार्षिक हिशेबांत स्वतंत्र रकान्यांत दाखवाव्या, म्हणजे त्या दयेच्या नसून देण्याच्या आहेत हें सर्वांस दिसेल. आणि जेथें नवें घर बांधावयाचें आहे तेथें जमीन घालावयाचें काम वैशाखापूर्वीं संपवावें, व घर ताब्यांत देण्याच्या आधीं मंडळीच्या दोन बायकांनीं जाऊन ती अनवाणी पायांनीं पाहून यावी.